कागद त्यांचा, वहिवाट आपली

(डोंगरी येथे वनहक्क दाव्यांच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी झालेलं भाषण. टेपवरून उतरवून, थोडं आवरून देत आहोत. ज्या पाड्यांना शिबिराला येता आलं नाही त्यांनी पाड्याच्या बैठकीत मोठ्यानं वाचावं आणि चर्चा करावी.)



काल दिवसभर आपण दाव्याचे फॉर्म भरले. भरता भरता काही जणांनी विचारलं, आपण तर बापजाद्यांपासून इथं आहोत, मग अर्ज आपण का करायचा? ज्यानं जमीन घेतली त्यानं अर्ज करावा ना! प्रश्न एकदम बरोबर आहे. आज मला त्याच प्रश्नावर बोलायचं आहे. त्यासाठी थोडं लांब जावं लागेल. रोम, पोर्तुगाल, इंग्लंड असं फिरून आपण परत पाड्यावर येणार आहोत. कंटाळा आला तर हात वर करा, चहा सांगू. (हशा)

फारेस्टची नोटीस येते तेव्हा त्यात काही शब्द ठरलेले असतात. 'सरकारी जमीन'. 'पडीक'. 'राखीव वन'. आणि जमीन धरणाला, रस्त्याला, कारखान्याला पाहिजे असली तर 'सार्वजनिक प्रयोजन'. हे चार शब्द वाचले की आपला माणूस घाबरतो. वाटतं, हे देवानं लिहिलेलं आहे. पण शब्द देवाचे नाहीत. माणसांनी, पंडितांनी, वकिलांनी ते बनवले. बनवले तेव्हा त्यांच्यातच भांडणं झाली. ती भांडणं आपल्याला माहीत पाहिजेत, कारण त्यातल्या निम्म्या भांडणांत आपली बाजू कुणीतरी मांडलेली आहे.

पहिला शब्द : सरकारी जमीन

बाहेर बघा. पश्चिमेला उत्तनचा समुद्र आहे, उत्तरेला खाडी, खाडीपलीकडे वसईचा किल्ला. उत्तनला कोळणी बोंबील वाळत घालतात, वलांड्या बांधलेल्या असतात. ती किनाऱ्याची जमीन कुणाची? कुणी कोळीण सातबारा घेऊन येते का?

रोम नावाचं मोठं राज्य होतं. तिथले कायदे इसवी सन ५३३ मध्ये जस्टिनियन बादशहानं एका पुस्तकात गोळा करून घेतले. त्यात लिहिलंय की हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि समुद्रकिनारा हे निसर्गानंच सगळ्यांचं आहे. किनाऱ्यावर कुणीही झोपडी बांधावी, जाळं वाळत घालावं. जाळं वाळवण्याची गोष्ट खरोखर त्यात आहे! पंधराशे वर्षांपूर्वी.

त्याच पुस्तकात दुसरीही एक वर्गवारी आहे. काही वस्तू 'कुणाच्याच नसतात'. रानातलं जनावर, पाण्यातला मासा. जो आधी पकडेल त्याचा.

आता नीट ऐका. 'सगळ्यांचं' आणि 'कुणाचंच नाही' हे ऐकायला सारखं वाटतं, पण दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाड्याची विहीर सगळ्यांची असते. म्हणून ती कुणी एकट्यानं पळवू शकत नाही. पण तीच विहीर 'कुणाचीच नाही' असं एकदा लिहिलं, की जो कागद घेऊन पहिला येईल तो मालक. पुढच्या सगळ्या इतिहासात मोठी लबाडी झाली ती इथं. जे सगळ्यांचं होतं ते आधी 'कुणाचंच नाही' ठरवलं. मग जे कुणाचंच नाही ते राजाचं ठरवलं. दोन पावलांत जंगल गेलं.

हे पाऊल सगळ्यात धिटाईनं टाकलं ते समुद्र ओलांडून जाणाऱ्या राजांनी. १४५५ साली रोमच्या पोपनं पोर्तुगालच्या राजाला फर्मान दिलं की ख्रिस्ती नसलेल्यांचे आफ्रिकेकडचे मुलूख तू जिंकून घे. १४९४ साली स्पेन आणि पोर्तुगाल या दोघांनी करार करून समुद्रावर एक रेघ मारली आणि रेघेच्या अलीकडचं तुझं, पलीकडचं माझं, असं जग वाटून घेतलं. ज्यांचं जग होतं त्यांना पत्ताच नाही. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहानं तह करून वसई, साष्टी आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांना दिली. आपण बसलोय ती जागा त्यातच आली. इथल्या कोळ्याला, वारल्याला विचारायला कोण आलं होतं?

पोर्तुगीजांनी गावंच्या गावं आपल्या सरदारांना पट्ट्यानं दिली. वर्षाला ठरलेला खंड राजाला भरायचा. त्या खंडाला ते 'फोरो' म्हणत. मुंबईत फोरास रोड आहे ना, ते नाव त्यातलंच. पट्ट्याची ही पद्धतही जुन्या रोमच्या कायद्यातली. म्हणजे बघा, रोमचा कायदा जहाजात बसून डोंगरीला आला. पण त्यातलं किनारा-सगळ्यांचा हे पान जहाजात चढलं नाही. पट्ट्याचं पान तेवढं चढलं.

१७३९ साली मराठ्यांनी इथला धारावीचा किल्ला घेतला, पाठोपाठ वसई घेतली. १७७४ साली इंग्रजांनी साष्टी घेतली. राजे बदलले. राबणारे हात तेच राहिले.

त्यांच्यातलाच एक पंडित काय म्हणाला

आता कुणी म्हणेल, गोरे सगळे एका माळेचे मणी. तसं नाही. स्पेनमध्ये सालामांका गावच्या विद्यापीठात फ्रान्सिस्को द व्हितोरिया नावाचा एक पाद्री प्राध्यापक होता. १५३९ साली त्यानं भर वर्गात व्याख्यान दिलं. राजाच्या पगारावरचा माणूस, राजाच्या पोटावर पाय देणारं बोलला. त्याचं म्हणणं असं : स्पेनचे लोक अमेरिकेत पोचले त्याच्या आधी तिथले आदिवासी आपल्या जमिनीचे खरे मालक होते. एकेकटेही होते आणि मिळून समाज म्हणूनही होते. ते ख्रिस्ती नाहीत म्हणून मालकी जात नाही. पोप हा काही साऱ्या जगाचा धनी नाही, जे त्याचं नाही ते तो दुसऱ्याला देऊ शकत नाही. आणि 'आम्ही हा मुलूख शोधून काढला' म्हटल्यानं काही मिळत नाही. उलट तिथले लोक जहाजात बसून स्पेनला आले असते तर स्पेन त्यांचा झाला असता का?

पण व्हितोरियाला डोक्यावर घेऊ नका. त्याच व्याख्यानात पुढं त्यानं मागचं दार उघडं ठेवलं. व्यापार करू दिला नाही, फिरू दिलं नाही, धर्म सांगू दिला नाही, तर लढाई करायला हरकत नाही, असंही म्हणाला. सैन्य त्या मागच्या दारानं आत गेलं. तरी मालकीची त्याची पहिली गोष्ट आजही कोर्टात कामाला येते. आपल्याला पोपशी भांडायचं नाही. आपल्याला एवढंच धरायचं आहे : दुसऱ्यानं कागद केला म्हणून आधीची मालकी मरत नाही. पाचशे वर्षांपूर्वी त्यांच्यातल्याच पंडितानं हे सांगितलेलं आहे.

दुसरा शब्द : पडीक

इंग्लंडमध्ये जॉन लॉक नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याचं राज्यकारभारावरचं पुस्तक १६८९ साली आलं. त्यात त्यानं विचारलं, सगळ्यांच्या असलेल्या पृथ्वीवर एकाची मालकी कशी होते? उत्तर दिलं, मेहनतीनं. झाडावरचं फळ तोडलं, त्यात आपले कष्ट मिसळले, की ते आपलं. जमीन नांगरली, पेरली, की ती आपली.

ऐकायला कसं वाटतं? आपल्याच मोर्च्यातली घोषणा. कसेल त्याची जमीन. आपण टाळ्या वाजवल्या असत्या.

पण पुढचं वाचा. लॉक म्हणतो की अमेरिकेतले आदिवासी जमिनीला कुंपण घालत नाहीत, इंग्लंडच्या शेतकऱ्यासारखी नांगरत नाहीत, म्हणून ती जमीन वाया पडलेली आहे. पडीक. येऊन नांगरणाऱ्याची ती होऊ शकते. कंद खणणं, मध काढणं, शिकार, ऋतू बघून जागा बदलणं, हे त्याच्या लेखी कष्टच नाहीत. आणि लॉक काही नुसता पुस्तकातला माणूस नव्हता. अमेरिकेत कॅरोलिना नावाची वसाहत ज्या सरदारांच्या मालकीची होती त्यांचा तो सचिव होता. विचार कुणाच्या ओटीवर बसून केलाय हे बघावं लागतं.

आपल्याकडं काय झालं? डोंगरउतारावर वरकस जमीन असते. तिथं नागली, वरी होते. तिथलं गवत, तिथला पाला-फांटा आणून भाताच्या रोपाला राब भाजायचा. वरकस नसेल तर खाचरात भात नाही. साहेबाच्या डोळ्याला मात्र नांगर दिसला नाही, कुंपण दिसलं नाही. त्यानं लिहिलं 'वेस्ट'. पडीक. जी जमीन आपलं भात उभं करते ती पडीक, आणि साग लावून कुलूप घातलेली जमीन कामाची!

लॉकचं एक वाक्य मात्र आपण सोडायचं नाही. तो म्हणतो, एकट्यानं घ्यावं, पण इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं मागं उरत असेल तरच. जंगल तोडून गुदामं, बंगले उठवणाऱ्यांना विचारा, आमच्यासाठी तितकंच चांगलं काय ठेवलंत? तुमच्याच गुरूची अट आहे, पाळा की.

फ्रेंच भाषेत लिहिणारा रूसो होता. १७५५ साली त्यानं लिहिलं की ज्या पहिल्या माणसानं कुंपण घालून 'हे माझं' म्हटलं आणि ज्याला त्यावर विश्वास ठेवणारे भोळे शेजारी भेटले, तिथून ही सगळी विषमतेची व्यवस्था सुरू झाली. शेजारी भोळे राहिले नसते तर? त्यासाठीच शिबिरं घ्यायची.

तिसरा शब्द : राखीव

इंग्लंडमध्ये राजाच्या शिकारीच्या मुलखाला 'फॉरेस्ट' म्हणत. त्यात गावंसुद्धा येत. हरिण मारलं तर हातपाय तोडत, जीव घेत. लोक पेटले. १२१५ साली सरदारांनी राजाकडून मॅग्ना कार्टा नावाची सनद लिहून घेतली. ती शाळेत शिकवतात. पण १२१७ साली तिच्या जोडीला दुसरी सनद निघाली, जंगलाची सनद. ती कुणी शिकवत नाही. तिच्यात राजानं मान्य केलं की अन्यायानं जंगलात ओढलेली जमीन सोडतो. हरिणासाठी कुणाचा जीव घेणार नाही, हातपाय तोडणार नाही. जंगलात डुकरं चारता येतील, मध घेता येईल. सरपण, चराई यांची जुनी वहिवाट राहील. ही सनद साडेसातशे वर्षं टिकली. १९७१ साली ती कायद्यातून काढली. म्हणजे आपण ज्याला सामूहिक वनहक्क म्हणतो तो इंग्लंडच्या राजानं आठशे वर्षांपूर्वी लिहून दिलेला आहे. आम्ही काही नवीन लाड मागत नाही.

आणि तिथल्या कोर्टात वहिवाट सिद्ध कशी होई? गावातली म्हातारी माणसं उभी राहायची आणि सांगायची, मी पोर होतो तेव्हापासून इथं गुरं चरतात, माझा आजाही हेच सांगायचा. 'आठवणीपलीकडचा काळ' असा कायद्यातला शब्दच होता. म्हाताऱ्याचं तोंड हा पुरावा होता! आज जो तहसील कचेरीतला कारकून म्हणतो की तोंडी चालणार नाही, त्याचा कायदा ज्या देशातून आला तिथं तोंडी चालत होतं.

मग तिथंही लुटारू आले. १७२३ साली कायदा केला, तोंडाला काळं फासून राजाच्या जंगलात हरिण मारायला गेलं तर फाशी. पुढं संसदेत सरदारांचेच लोक बसलेले. त्यांनी एकेका गावासाठी कायदा करून सामाईक माळरानांना कुंपणं घातली. १६०४ ते १९१४ या काळात असे पाच हजारांवर कायदे झाले. गरीब शेतकरी देशोधडीला लागला, गिरणीत गेला, जहाजावर गेला. आधी घरातल्या गरिबाला लुटलं, मग तीच विद्या घेऊन ते आपल्याकडं आले.

इथं १८६४ साली सरकारनं जंगल खातं काढलं. १८६५ ला पहिला कायदा केला, तो पुरेसा कडक नाही म्हणून १८७८ ला दुसरा. या दुसऱ्याच्या आधी सरकारच्याच अंमलदारांत भांडण झालं. खात्याचा पहिला मुख्य अधिकारी ब्रँडिस. जर्मन माणूस. तो म्हणे, लोक पिढ्यान्पिढ्या वापरतात, तो त्यांचा हक्क आहे, युरोपातही असाच असतो. तो मोजा, लिहा आणि सांभाळा. गावाला गावाचं जंगल द्या. दुसरा होता बेडन-पॉवेल. तो म्हणे, सरकारनं स्पष्ट लिहून दिला तोच हक्क. बाकी सगळी 'सवलत'. राजानं चालू दिलं म्हणून चाललं. सवलत दिली तशी काढताही येते.

हक्क का सवलत? सगळं भांडण या एका ठिकाणी आहे, आजही. १८७८ च्या कायद्यात बेडन-पॉवेलची बाजू वर राहिली. राखीव जंगल जाहीर करायचं, कुणाचा हक्क असेल तर त्यानं लेखी किंवा तोंडी दावा करावा, मुदत निदान तीन महिन्यांची. मुदतीत दावा आला नाही तर हक्क संपला. १९२७ चा कायदा आजही चालू आहे, त्यातही हेच. आता सांगा, डोंगरातल्या वारल्याला, कातकऱ्याला, ठाकराला ही नोटीस कुणी वाचून दाखवली? तीन महिन्यांत त्यानं काय करायचं होतं? आपला हक्क कुणी हिसकावून घेतला असंही कागदावर नाही. कागदावर असं आहे की आपण मागितला नाही.

ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मात्र लोक गप्प बसले नाहीत. राबाला टाहाळ तोडू देत नाहीत, गुरं कोंडतात, यावर एवढी ओरड झाली की मुंबई सरकारला १८८५ साली चौकशी कमिशन नेमावं लागलं. जोतिराव फुल्यांनी त्याच्या दोन वर्षं आधी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यातही जंगल खात्यावर कोरडे ओढले आहेत.

आता दुसरा कागद बघा. याच मिरा-भाईंदर-घोडबंदरच्या पट्ट्यात १८७० साली इंग्रज सरकारनं हजारो एकर जमीन एका इजारदाराला पट्ट्यानं दिली. खाऱ्या पाण्याला बांध घालायचे, पिकातला हिस्सा घ्यायचा. मुदत किती? ९९९ वर्षं! म्हणजे २८६९ सालापर्यंत. त्याच्या वारसांचे वारस, त्यांच्याकडून घेणाऱ्या कंपन्या, सगळ्यांना त्या कागदाची सावली. खाजणात कंबरभर चिखलात उभं राहून बांध घालणारे आगरी, कोळी, आदिवासी यांचं नाव पट्ट्यात नाही.

इजारदाराला ९९९ वर्षं. आदिवासीला तीन महिने. हे दोन आकडे पोरांना पाठ करायला लावा. कायद्याचा सगळा इतिहास त्यात आहे.

चौथा शब्द : सार्वजनिक प्रयोजन

हॉलंड देशात ह्यूगो ग्रोशियस नावाचा वकील होता. डच कंपनीनं पोर्तुगीजांचं भरलेलं जहाज पकडलं. ते बरोबर होतं हे दाखवायला कंपनीनं याला लावलं. १६०९ साली त्याचं पुस्तक आलं, समुद्र सगळ्यांचा आहे, पोर्तुगीजांचा नाही. त्यात तो असंही म्हणतो की हिंदुस्थानाकडच्या लोकांचे आपापले राजे, आपापले कायदे होते, त्यामुळं पोर्तुगीज तिथले मालक होऊ शकत नाहीत. बोलणं खरं होतं, बोलवता धनी कंपनी होती. पुढं डच कंपनीनंही तेच केलं जे पोर्तुगीज करत होते.

याच ग्रोशियसनं १६२५ साली आणखी एक पुस्तक लिहिलं. त्यात म्हटलं की प्रजेच्या मालमत्तेवर राज्याचा वरचढ हक्क असतो. सगळ्यांच्या भल्यासाठी राज्य ती घेऊ शकतं. पण मग भरपाई द्यायला पाहिजे. त्या विचाराचं रोप आपल्याकडं १८९४ च्या भूसंपादन कायद्यात लागलं. त्यात सगळ्यांचं भलं कशात आहे हे सरकार ठरवणार. आणि भरपाई कुणाला? ज्याचं नाव कागदावर. कागद नाही त्याला काही नाही, कारण तो तर 'अतिक्रमणदार'.

म्हणून दावा महत्त्वाचा. ओरिसात नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण होणार होती. २०१३ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, तिथल्या ग्रामसभांना विचारा. बारा गावांत सभा झाल्या. बाराही गावांनी नाही म्हटलं. सार्वजनिक कशाला म्हणायचं हे डोंगरावरच्या सार्वजनिकांनी ठरवलं.

म्हाताऱ्यांची साक्ष परत आली

ऑस्ट्रेलियात इंग्रज उतरले तेव्हा त्यांनी सगळा खंडच 'कुणाचा नाही' असा धरला. लाखो लोक राहत असताना! तिथल्या एका बेटावरचा एडी माबो नावाचा माणूस आणि त्याचे साथी १९८२ साली कोर्टात गेले. आमच्या बागा आहेत, बांध आहेत, कुणाची हद्द कुठं हे आम्हाला पिढ्यांपासून ठाऊक आहे, असं त्यांचं म्हणणं. दहा वर्षं केस चालली. ३ जून १९९२ ला निकाल लागला की आदिवासींची मालकी इंग्रज येण्याच्या आधीपासून होती आणि इंग्रज आले म्हणून आपोआप गेली नाही. एडी माबो तो निकाल ऐकायला राहिला नाही. पाच महिन्यांपूर्वी वारला होता. कॅनडात १९९७ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की आदिवासींच्या तोंडी इतिहासाला कागदी पुराव्याच्या बरोबरीनं जागा द्या. खालच्या कोर्टानं तो इतिहास जवळजवळ बाजूला टाकला होता.

आपल्याकडं २००६ चा वनहक्क कायदा झाला. तो कुणी बसल्या जागी दिलेला नाही. १९४५ साली तलासरी-डहाणूत वेठ आणि लग्नगडी मोडायला वारली उठले, गोदूताई परुळेकर त्यांच्यात होत्या. तिथपासूनचे किती मोर्चे, किती तुरुंग, किती गोळ्या त्याच्या पाठीमागं आहेत. त्या कायद्याचं नाव वाचा. 'वनहक्क मान्य करणे'. देणे नाही, मान्य करणे. जे आधीच आहे तेच मान्य करतात. सव्वाशेहून जास्त वर्षांनी ब्रँडिसची बाजू वर आली आणि बेडन-पॉवेल खाली गेला. प्रस्तावनेत सरकारनं स्वतः लिहिलंय की या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर असं : आपण अर्ज करत नाही. अर्ज सवलतीसाठी असतो. आपण दावा सांगतो. कचेरीत गेल्यावर 'साहेब, मेहेरबानी करा' म्हणू नका. 'आमचा दावा नोंदवा, पोच द्या' म्हणा.

आता आपल्या घरातलं

दोन गोष्टी कडू आहेत, पण बोलतो.

एक. काही पाडे म्हणतात, ज्याचा त्याचा प्लॉट नावावर होऊ दे, सामूहिक दाव्याची कटकट नको. इंग्लंडच्या माळरानाची गोष्ट म्हणूनच सांगितली. तुकडा नावावर झाला आणि सामाईक गेलं तर गुरं कुठं चारणार? राबाला पाला कुठून? भूमिहीन कातकरी कुठं जाणार? प्लॉटचा दावा करा, जरूर करा. पण त्याच बैठकीत जंगलाचा सामूहिक दावा करा. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावानं तो मिळवला, आपला बांबू आपण विकला. एक पाय घरात, एक पाय जंगलात. एकाच पायावर माणूस किती वेळ उभा राहील?

दुसरी. या सगळ्या मोठमोठ्या पंडितांच्या पुस्तकांत बाई कुठं होती? इंग्लंडमध्ये लग्न झालं की बाईची मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जाई. १८८२ साली कायदा झाला तेव्हा ती तिची राहायला लागली. आपण त्यांना हसायचं कारण नाही. राब कोण भाजतं? लावणी कोण करतं? कंद कुठं निघतो हे कुणाला ठाऊक? मग दाव्यावर नाव एकट्या बाप्याचं का? कायदा सांगतो, नवरा-बायको दोघांच्या नावानं. ज्या फॉर्मवर बाईचं नाव नाही तो संध्याकाळच्या आत दुरुस्त करा. (बायकांच्या बाजूनं टाळ्या)

पावसाच्या आधी करायचं काम

कायद्याच्या नियमांत, तेराव्या नियमात, पुराव्यांची यादी आहे. सरकारी कागद त्यात आहेतच. दंडाच्या पावत्यासुद्धा टाकू नका. ज्या पावतीनं आपल्याला चोर ठरवलं तीच आज सांगते की त्या साली आपण तिथं होतो. पण त्याच यादीत घालून ठेवलेले बांध आहेत, विहीर आहे, मसणवट आहे, देवाचं ठिकाण आहे. आणि दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसांनी सांगितलेलं, लिहून घेतलेलं, तेही आहे. एकापेक्षा जास्त पुरावे पाहिजेत, एवढं ध्यानात ठेवा. अमुकच कागद आण असा हट्ट वरच्या समितीला धरता येत नाही.

तेव्हा प्रत्येक पाड्यानं असं करावं :

१. पाड्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या चार-पाच माणसांची नावं काढा. त्यात निदान दोन म्हाताऱ्या बाया असू द्या.

२. शिकलेल्या पोरांनी वही घेऊन त्यांच्यापाशी बसावं. कुठला मळा कुणी फोडला, वाघबारशीला वाघदेव कुठं पुजतात, गुरं कुठून कुठं जात, दुष्काळात कुठले कंद खाल्ले, कोणता गार्ड कधी काय घेऊन गेला, सगळं लिहा. त्यांच्याच बोलीत लिहा, पुस्तकी करू नका. वाचून दाखवा, अंगठा किंवा सही घ्या.

३. त्यांना बरोबर घेऊन जंगलात फिरा. नकाशा काढा. हद्दीवरच्या झाडांना, नाल्यांना आपली नावं आहेत, तीच घाला.

४. ग्रामसभेत वाचा, ठराव करा. निम्मी माणसं हजर पाहिजेत आणि हजर असतील त्यात निदान एक तृतीयांश बाया.

५. दावा नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. कळल्यापासून ६० दिवसांत वर दाद मागता येते. आणि चौकशी पुरी होईस्तोवर कुणाला उठवता येत नाही, हे कलम ४ मध्ये लिहिलंय. पान घडी करून खिशात ठेवा.

हे काम पावसाच्या आधी का म्हणतो? कागद कचेरीत शंभर वर्षं राहतो. म्हातारी माणसं राहत नाहीत. मागच्या साली आपल्या भागातले किती जुने लोक गेले ते तुम्हीच मोजा. एकेक माणूस गेला की एकेक दप्तर जळतं आणि त्याचा पंचनामासुद्धा होत नाही. इंग्रजांनी तीन महिने दिले होते. आपल्यालाही तेवढेच आहेत असं धरून चला. फरक एवढाच की या वेळी नोटीस आपण वाचलेली आहे.

जेवणानंतर पाड्यांप्रमाणे गट करून बसा आणि पहिल्या पाच नावांपासून सुरुवात करा.

जोहार! जिंदाबाद!